‘मांडीचा कंडरा बसवायला नकार दिला’ या तक्रारीला उत्तर

नमस्कार. गादी (मेनिस्कस, म्हणजे गुडघ्याच्या हाडांमधली लवचिक चकती) काढून टाकलेल्या गुडघ्यात स्वतःच्याच मांडीचा कंडरा (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) बसवता येतो, तरी आम्ही नाही म्हटलं, व्यायामावर बोळवण केली आणि फी मात्र घेतली, असं तुम्ही लिहिलंय. तुमचे रिपोर्ट इथे चारचौघांत मांडणार नाही. नकाराचं कारण मात्र सांगतो.

गादी काढल्यावर गुडघ्यात झिजेच्या खुणा दिसू लागतात, हे फेअरबँक या डॉक्टरांनी १९४८ मध्येच एक्स-रेवरून दाखवलं होतं. त्यामुळे तुमची काळजी रास्त आहे. प्रश्न कंडऱ्याचा आहे. कंडरा आणि मेनिस्कस दोन्ही मुख्यतः एकाच प्रकारच्या कोलॅजनचे (तंतुमय प्रथिनाचे), म्हणून कल्पना आकर्षक वाटते. पण मेनिस्कस नुसती मऊ गादी नाही. वजन पडलं की ती बाहेर सरकू पाहते आणि पिंपाभोवतीच्या कड्यासारखे तिचे गोलाकार तंतू तिला आवरून धरतात. तेही पुढची-मागची टोकं हाडाला घट्ट असतील तरच. कंडरा ताण उत्तम सोसतो; इथे त्याला वर्षानुवर्षं दाबही सोसायचा असतो. तो गोल दोरीसारखा, गादी पाचरीसारखी. टोकं सैल पडली की तो बाहेर सरकतो, मग सांध्यात असून नसल्यासारखाच.

२००० साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्राथमिक अभ्यासात निकाल निराशाजनक होते. अलीकडे हाडात बोगदे करून कंडरा बसवण्याच्या नव्या पद्धतींनी आशा वाढली आहे, हे मान्य. पण ते रुग्ण मोजके आणि पाठपुरावा थोड्या काळाचा. इंटरनेटवरच्या व्हिडिओत हे कुणी सांगत नाही! शिवाय काढलेल्या हॅमस्ट्रिंगची (मांडीच्या मागच्या याच कंडऱ्याची) किंमत असतेच: गुडघा पूर्ण वाकवताना ताकद काहीशी कमी पडते, आणि पुढे एसीएल हे गुडघा स्थिर ठेवणारं लिगामेंट तुटलं तर बहुधा तोच कंडरा हवा असतो.

दात्याची गादी बसवण्याची शस्त्रक्रिया १९८४ पासून होते, तिचा अनुभव कितीतरी मोठा आहे. तीही सरसकट करत नाहीत. पाय वाकडा असेल किंवा हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत कूर्चा फार झिजली असेल तर आधी त्याचा विचार करावा लागतो.

फी तपासणीची आणि सल्ल्याची होती. सल्ला ‘नको’ असला तरी ती लागते. दुसरं मत जरूर घ्या. जाताना उभ्याने काढलेला संपूर्ण पायाचा एक्स-रे आणि जुन्या ऑपरेशनच्या नोंदी सोबत ठेवा. आमच्याकडच्या कागदांच्या प्रती रिसेप्शनवर मागितल्या की मिळतील.