कपलर जळला की पिळा अन् काळी टेप!

काहून भाऊ, दरवेळी तेच? गाडीच्या हेडलाइटचा कपलर, म्हणजे बल्बला वायरी जोडणारा प्लास्टिकचा सॉकेट, वितळला की कापून फेकायचा, वायरी पिळायच्या, वर काळी टेप! नागपूरच्या 45 अंशांत टेपचा गोंद पाघळतो, पावसाळ्यात पाणी शिरून तांबं हिरवं पडतं, जोड तापतो, लाइट मिणमिणतो. अन् दोष बॅटरीला!

आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा. चकचकीत तांबं दिसेपर्यंत वायर मागे कापा, 5-6 मिलिमीटर सोला, टोकाला कपलरची नवी धातूची पिन क्रिम्पिंगच्या, म्हणजे पिन आवळायच्या खास, पकडीनंच दाबा. साध्या पक्कडीनं चेपलेली पिन ढिली राहते, तापते, नवा कपलरही खाते. जोडच द्यायचा तर श्रिंक स्लीव्ह, म्हणजे गरम केली की आवळणारी नळी, आधी वायरीत ओवा, मागाहून चढत नाही. आणि कपलर वितळवणारा तो जादा वॉटचा बल्ब? तो तर कुणी काढतच नाही!