खुलासा: गुमास्ता काढला म्हणून नाव आपलं होत नाही
‘गुमास्ता किंवा उद्यम काढलं की दुकानाचं नाव आपल्या मालकीचं’ हा सध्या फिरणारा दावा चुकीचा आहे. गुमास्ता म्हणजे दुकानाची, उद्यम म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंदणी; ती फक्त व्यवसायाची नोंद. त्याच नावाने दुसऱ्यालाही ती मिळू शकते. नावावर हक्क हवा तर ट्रेडमार्कसाठी टीएम-ए अर्ज करा. ऑनलाइन शुल्क व्यक्ती वा लघुउद्योगाला दर वर्गामागे, म्हणजे मालाच्या ठरलेल्या गटामागे, ४,५०० रुपये. मसाला वर्ग ३० मध्ये, लोणचं मात्र २९ मध्ये. दोन्ही विकत असाल तर ९,००० धरा. आधी सरकारी संकेतस्थळावर सारख्या उच्चाराची नावं शोधा. ‘शुद्ध मसाले’सारखं निव्वळ वर्णन बहुधा आक्षेपात अडकतं. नाव आधीपासून वापरात असेल तर प्रतिज्ञापत्रासोबत जुनी बिलं जोडा. नेमका इथेच आळस होतो. अर्ज सरकारी ट्रेडमार्क जर्नलमध्ये प्रसिद्ध झाल्यावर इतरांना हरकतीसाठी चार महिने असतात. नोंदणी होईपर्यंत पाकिटावर ‘टीएम’ छापा, वर्तुळातला ‘आर’ नाही. तो बेकायदा ठरतो.