क्रोपोटकिन आणि ईस्ट एंडचे शिंपी

परवा गप्पांत एक मित्र म्हणाला, जुने अराजकवादी, म्हणजे कुठलंच सरकार नको म्हणणारे, सगळे ज्यूद्वेष्टे. प्रूदाँ आणि बाकुनिन यांच्यापुरतं खरंय. दोघांनी ज्यूंबद्दल जे लिहून ठेवलंय ते वाचवत नाही. पण त्यांच्याच पंथातल्या क्रोपोटकिनला त्यांच्या पंगतीत बसवू नका.

सैबेरिया पालथा घातलेला हा रशियन सरदारपुत्र भूगोलतज्ज्ञ १८८६ साली लंडनला स्थायिक झाला. तिथल्या ईस्ट एंडमध्ये त्याला भेटलेले ज्यू म्हणजे शिंपी. झारच्या राज्यातून जीव मुठीत धरून आलेले, कोंदट खोल्यांत रात्र रात्र शिवत बसणारे. ज्यू म्हणजे पेढीवाला, हे युरोपचं लाडकं चित्र त्याला खोटं वाटलं यात नवल नाही. (आपल्याला तर हे सांगावंच लागू नये. कोकणातले बेने इस्रायल तेलाचा घाणा चालवायचे, शनिवारी तो बंद ठेवायचे, म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत.) १९०६ साली ज्युबिली स्ट्रीटवर या कामगारांचा क्लब उघडला, तेव्हा डॉक्टरांनी मनाई केलेली असतानाही हृदयविकाराचा हा म्हातारा भाषणाला आलाच.

पण १९०७ साली झायनवादावर, म्हणजे ज्यूंनी पॅलेस्टाइनमध्ये आपला मायदेश उभारावा या चळवळीवर, वाद झाला आणि त्याने विरोध केला. त्यात त्याच्यातला भूगोलतज्ज्ञ जागा झाला. हिमयुगानंतर युरेशियाचा मोठा पट्टा आटत चाललाय, हा त्याचा सिद्धांत. १९०४ मध्ये त्यावर निबंधही आला होता. मग अशा रखरखीत पॅलेस्टाइनमध्ये शेतकरी व्हायला कशाला जायचं? जिथे आहात तिथेच इतर कामगारांबरोबर लढा.

इथे मात्र मला तो खटकतो. पर्जन्यमान बघून कुणी मायदेश निवडतो का? झारच्या राज्यातल्या किशिनेव शहरात १९०३ साली झालेल्या ज्यूंच्या कत्तलीला जेमतेम चार वर्षं झाली होती. ‘जिथे आहात तिथेच’ हे लंडनहून सांगणं सोपं होतं. बरं, परक्या सत्तेखाली दबलेल्यांच्या राष्ट्रीय चळवळींबद्दल त्याला एरवी सहानुभूतीच असायची.

आणि १९१४ साली महायुद्ध पेटलं, तेव्हा हाच माणूस फ्रान्सच्या बाजूने उभा राहिला. जर्मनीला हरवलंच पाहिजे म्हणाला! त्या शिंप्यांचं यिडिश वर्तमानपत्र चालवणारा रुडॉल्फ रॉकर, जन्माने ज्यू नसलेला जर्मन, त्याच्या विरोधात गेला. क्रोपोटकिनवर त्याचं केवढं प्रेम होतं, तरीही गेला. त्याच डिसेंबरात ब्रिटिश सरकारने रॉकरला शत्रूराष्ट्राचा नागरिक म्हणून स्थानबद्ध केलं.