तो "१५ दिवसांत आपोआप मंजूर" वाला मेसेज, जरा थांबा

परवा मीच ग्रुपवर टाकला होता की निराधार योजनेचा अर्ज १५ दिवसांत निकाली नाही निघाला तर तो मंजूर धरायचा आणि पैसे सुरू होतात. चूक माझी, न वाचता फॉरवर्ड केलं.

काल महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 उघडून बसलो. त्यात "आपोआप मंजूर" असं कुठेच नाही. १५ दिवस बहुतेक उत्पन्नाच्या दाखल्यावरून उचललेत, प्रत्येक सेवेची मुदत वेगळी असते आणि ती ऑफिसच्या बोर्डावर लावायला लागते. शिवाय मुदत मोजतात ती कागदपत्रं पूर्ण असलेला अर्ज दिल्यापासून. आमच्या शेजारच्या मावशींकडे नुसती झेरॉक्सवाल्याची चिठ्ठी होती, तारीख नाही नंबर नाही, आता मोजणार कुठून? पोच घ्याच.

मुदत संपली किंवा अर्ज नाकारला तर ३० दिवसांच्या आत त्याच खात्यातल्या प्रथम अपील अधिकाऱ्याकडे अपील करायचं, नकार असेल तर कारण लेखी मागायचं. मेसेजवर विसंबून घरी बसलात तर हे ३० दिवसच निघून जातात, खरं नुकसान ते. दंड आहे, ५०० ते ५००० रुपये, पण तो कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला, अर्जदाराला त्यातलं काही मिळत नाही.

ज्यांनी माझा मेसेज पुढे पाठवलाय त्यांनी प्लीज डिलीट करा, आणि जिथे पाठवला तिथे हा टाका.