‘राखीव जागा रिकाम्याच राहतात’ म्हणणाऱ्यांसाठी

क्रिकेटच्या मैदानांवर दिव्यांग प्रेक्षकांसाठी सोयी हव्यात, असं कुणी म्हटलं की उत्तरादाखल एक ठरावीक मजकूर गटागटांतून पुढे पाठवला जातो. त्याचा सारांश असा: राखीव जागा रिकाम्याच राहतात, कारण ही मंडळी येतच नाहीत. त्यांना घरी टीव्हीवर सामना जास्त चांगला दिसतो. आपली मैदानं जुनी आहेत, तिथे बदल करणं परवडत नाही. क्रिकेट संघटना खाजगी आहेत, त्यांच्यावर सक्ती कशी करणार? गर्दीत व्हीलचेअर म्हणजे सगळ्यांनाच धोका. आणि वेळ आलीच तर उचलून न्यायला आपली माणसं आहेतच.

वाचायला हे व्यवहारी वाटतं, म्हणूनच ते इतकं पसरतं. माझा मावसभाऊ व्हीलचेअर वापरतो आणि क्रिकेटवर त्याचा जीव आहे. त्यामुळे यातला एकेक मुद्दा मला जवळून माहीत आहे, आणि एकही टिकत नाही.

‘येतच नाहीत’ यापासून सुरुवात करू. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाखांहून अधिक दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली, देशभरात २ कोटी ६८ लाख. तेव्हाच्या मोजणीत न आलेले कितीतरी प्रकार २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मान्य केले आणि आता २१ प्रकारच्या दिव्यांगत्वाला मान्यता आहे. एवढ्या लोकांना खेळात रस नाही असं मानायचं? १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक जिंकणारे मुरलीकांत पेटकर सांगली जिल्ह्यातले. २०२४ मध्ये पॅरिसला गोळाफेकीत १६.३२ मीटरच्या फेकीवर रौप्य मिळवणारे सचिन खिलारी त्याच जिल्ह्यातले. ज्या समाजातून असे खेळाडू येतात, त्यात प्रेक्षक नाहीत हे मला पटत नाही.

प्रेक्षक आहेत, पण जागेपर्यंत पोचत नाहीत. तिकीट काढायला बसलं की पहिली अडचण येते: नकाशावर हजारो खुर्च्या दिसतात, पण व्हीलचेअरची जागा कुठली आणि ती कशी निवडायची याचा पत्ता नसतो. फोन करा, मेल करा, वाट पाहा, तोवर तिकिटं संपलेली. समजा जागा मिळाली, तर शेजारी सोबत्याची खुर्ची मिळेल का? गाडी गेटपासून किती लांब लावावी लागेल? तपासणीच्या फिरत्या दांड्यातून चाकं जाणार नाहीत. मग बाजूचं फाटक उघडायची किल्ली कुणाकडे? आत गेल्यावर शेवटच्या तीन पायऱ्या कुणाच्याच लक्षात नसतात. यातला एक दुवा तुटला की उरलेलं सगळं वाया. अशा वाटेच्या शेवटी असलेली रिकामी जागा दाखवून ‘बघा, मागणीच नाही’ म्हणणं म्हणजे पूल न बांधता नदीपलीकडे कुणाला जायचंच नाही असं ठरवणं.

शिवाय जागा मिळाली म्हणजे सामना दिसलाच असं नाही. षटकार गेला की सगळं स्टँड उभं राहतं. व्हीलचेअरवर बसलेल्याच्या डोळ्यांसमोर तेव्हा फक्त पाठी असतात. नेमका ज्या क्षणासाठी माणूस मैदानावर येतो, तोच हुकतो. म्हणून चांगल्या स्टेडियममध्ये अशा जागांचा ओटा पुढच्या रांगेपेक्षा बराच उंच बांधतात. आपल्याकडे कोपऱ्यातली एखादी सपाट जागा दाखवून ‘सोय केली’ म्हणतात.

स्वच्छतागृहाबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून मी बोलते. मावसभावाबरोबर एका मोठ्या सामन्याला गेलो होतो. त्या दिवशी सकाळपासून त्याने पाणी प्यायलं नव्हतं. भर उन्हात, सामना संपेपर्यंत. दरवाजा अरुंद असेल, खुर्ची आत वळणार नाही, हे त्याने आधीच धरलं होतं आणि तसंच निघालं. दरवाजाची मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर हवी, खुर्ची वळायला आत १५०० मिलिमीटर व्यासाची जागा हवी. ही मापं सरकारी मार्गदर्शक तत्त्वांत छापलेली आहेत. ती पाळली असती तर त्या दिवशी एक माणूस पाणी पिऊ शकला असता.

टीव्हीचा मुद्दा थोडक्यात संपतो. टीव्हीवर सामना सगळ्यांनाच जास्त चांगला दिसतो. तरी मैदानं भरतात. जे कारण इतरांना घरी बसवत नाही, ते दिव्यांगांनाच का लावायचं? दृष्टिहीन चाहत्यांचंही तेच. कानाला ट्रान्झिस्टर लावून मैदानावर बसणारे प्रेक्षक आपल्याकडे पूर्वीपासून आहेत. कतारला २०२२ च्या फुटबॉल विश्वचषकात दृष्टिहीनांसाठी अरबी आणि इंग्रजीत खास वर्णनात्मक समालोचन होतं. मराठीत रेडिओ समालोचनाची इतकी जुनी परंपरा असताना आपल्याला हे अवघड का जावं?

जुन्या बांधकामाचं कारण नीट तपासायला हवं. दिव्यांगांच्या हक्कांचा पहिला कायदा १९९५ चा, आणि सार्वजनिक इमारतींत रॅम्प असावेत हे त्यातही होतं. नागपूरजवळ जामठ्याचं स्टेडियम २००८ चं, पुण्याजवळ गहुंज्याचं २०१२ चं. वानखेडे १९७० च्या दशकातलं खरं, पण २०११ च्या विश्वचषकासाठी त्याची मोठी पुनर्बांधणी झाली. म्हणजे राज्यातली ही मोठी मैदानं कायदा झाल्यानंतरच उभी राहिली किंवा नव्याने घडली. त्यांच्याबाबतीत ‘तेव्हा कुणाला सुचलं नव्हतं’ ही सबब चालणार नाही.

खर्च होतो, हे मी नाकारत नाही. एक फूट उंची चढायला बारा फूट लांबीचा रॅम्प लागतो. तीन फुटांचा जोता असेल तर छत्तीस फूट, शिवाय टप्प्याची जागा वेगळी. उंच ओट्यामागच्या काही खुर्च्याही जातात. इंग्लंडमधलं ओल्ड ट्रॅफर्ड हे फुटबॉलचं मैदान १९१० चं. २०१५ मध्ये प्रीमियर लीगच्या क्लबांनी दोन वर्षांत दिव्यांगांसाठीच्या जागांचे निकष पूर्ण करण्याचं कबूल केलं, आणि त्यापुढे त्या मैदानाने सुमारे २,६०० खुर्च्या कमी करण्याची तयारी दाखवली. एकूण क्षमतेच्या तीन-चार टक्के. शंभरी ओलांडलेल्या मैदानाला हे जमतं. ब्रिटनमधल्या त्या निकषांनी आपल्या ३३,००० क्षमतेच्या वानखेडेचा हिशोब केला तर व्हीलचेअरच्या १८९ जागा लागतील. प्रसारणाच्या हक्कांतून हजारो कोटी मिळवणाऱ्या खेळाला हे परवडत नाही, असं मला कुणी सांगू नये.

आता कायदा. ‘खाजगी संघटनेवर सक्ती नाही’ हे विधान सरळ चुकीचं आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये सार्वजनिक इमारतीची व्याख्या सरकारी किंवा खाजगी अशी दोन्ही आहे. लोक विरंगुळ्यासाठी आणि मनोरंजनासाठी जिथे जातात त्या इमारती त्यात येतात. कलम ४५ ने अस्तित्वात असलेल्या सार्वजनिक इमारतींना नियम लागू झाल्यापासून पाच वर्षं दिली. नियम जून २०१७ चे, म्हणजे मुदत २०२२ मध्येच संपली. कलम ४६ सेवा देणाऱ्यांसाठी आहे, तेही सरकारी आणि खाजगी दोघांसाठी. तिकीट विकणं ही सेवाच आहे. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तर सुगम्यतेचे निकष केवळ शिफारशीच्या स्वरूपात ठेवणारा, २०१७ च्या त्याच नियमांतला नियम १५(१) कायद्याशी विसंगत ठरवला आणि सक्तीचे निकष करायला केंद्राला तीन महिने दिले.

धोक्याचा मुद्दा मला सर्वात खटकतो. ४ जून २०२५ रोजी बंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर चेंगराचेंगरीत ११ माणसं गेली. अशा वेळी जीव घेते ती अडलेली गर्दी, अपुरी फाटकं, कोलमडलेलं नियोजन. रुंद, पायऱ्या नसलेला, नेहमी मोकळा ठेवलेला मार्ग व्हीलचेअरला लागतो, तसाच आजोबांना, बाळाला कडेवर घेतलेल्या बाईला आणि रुग्णवाहिकेच्या स्ट्रेचरलाही लागतो. सुरक्षेची काळजी असेल तर तो मार्ग आधी बांधा.

आणि उचलून नेणं. चार स्वयंसेवकांनी मावसभावाला खुर्चीसकट उचलून वर नेलं तेव्हा त्यांचा हेतू चांगलाच होता. पण अरुंद जिन्यात एकाचा पाय घसरला तर डोकं कुणाचं आपटणार? हातापायांवर ताबा नसलेल्या माणसाला स्वतःला सावरताही येत नाही. शिवाय खाली उतरायचं कधी, हे तो ठरवू शकत नाही. चार जण मोकळे होईपर्यंत थांबावं लागतं. त्या दिवशी आम्ही सामना संपल्यावर बराच वेळ वरच बसून होतो, स्टँड रिकामं झालं तरी.

असा अनुभव आला तर तो गटात लिहून थांबू नका. तिकिटाची प्रत, गेटचा क्रमांक, वेळ, पायऱ्यांचा किंवा दरवाजाचा फोटो आणि शक्य असेल तर फुटपट्टी लावून घेतलेलं माप, एवढं जोडून पुण्याला दिव्यांग आयुक्तांकडे लेखी तक्रार द्या. आयुक्तांना चौकशीसाठी दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. कायदा मोडल्याबद्दल पहिल्यांदा १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे, पुन्हा मोडल्यास किमान ५०,००० आणि कमाल ५ लाख. आमची तक्रार लिहून तयार आहे. दरवाजाचं माप ६१० मिलिमीटर भरलं, ते त्यात पहिल्याच ओळीत घातलं आहे.