"बाहेर द्या, चार दिवसांत घ्या" म्हणे!

राजेहो, नागपूरकडच्या हिंगणा-बुटीबोरी एमआयडीसीच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरून राह्यला, तुम्हालेही आला असन. "हीट ट्रीटमेंट-प्लेटिंग जॉबवर्कला द्या, एका दिवसाचं काम, चार दिवस धरा. उशीर होतो? लीड टाइम वाढवून टाका. जीएसटीत वर्षभर मुदत आहे, टेन्शन नाही. पेमेंट ९० दिवसांनी."

जॉबवर्क म्हणजे आपल्या मालावरचं काम बाहेरच्या कारखान्यातून करून घेणं, हीट ट्रीटमेंट म्हणजे भट्टीत तापवून कडक करणं, प्लेटिंग म्हणजे धातूचा मुलामा अन् लीड टाइम म्हणजे प्लॅनमध्ये त्यासाठी धरलेले दिवस. एका दिवसाचं काम, हे खरंय. पण दिवस कामात जातातच कुठं? आमच्या गिअर शाफ्टचंच घ्या. सोमवारी हॉबिंग (दाते कापणं) होऊन लॉट तयार, पण छोटा हत्ती अर्धा रिकामा काहून पाठवायचा म्हणून बुधवारपर्यंत माल स्टोअरमध्येच. तिकडं भट्टीवाला त्याच ग्रेडचा, तेवढ्याच केस डेप्थचा (वरचा कडक थर किती खोल ते) माल जमल्याशिवाय चार्ज लावत नाही, म्हणजे भट्टी भरत नाही (त्याचं बरोबरच आहे, अर्धी भट्टी तापवणं कोणाले परवडते), म्हणजे शुक्रवार. शनिवारी टेम्परिंग (ठिसूळपणा कमी करायला पुन्हा हलकं तापवणं) होऊन माल बाहेर, रविवार सुट्टी, सोमवारी गाडी नाही, मंगळवारी आला तर चलनावर २०० नग अन् मोजले तर १९६, बुधवारी तपासणीत काही शाफ्ट वाकलेले, ते स्ट्रेटनिंगला. मधात पोळा आला तर दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक, मग तर बोलूच नका. भट्टीत एक दिवस, बाकी सगळी वाट पाहणं. अन् प्लॅनमध्ये याची एकच ओळ, "बाहेर – ४ दिवस".

प्लेटिंगमध्ये घाई करणारे तर वेगळेच. हाय टेन्साइल बोल्टाला झिंकचा मुलामा दिल्यावर साधारण ४ तासांच्या आत बेकिंगला (तापवून हायड्रोजन काढायला) टाकावं लागते, नाहीतर आत शिरलेल्या हायड्रोजननं कसलेला बोल्ट नंतर आपोआप तुटतो. तो वेळ कापायचा नसतो भाऊ.

आता "लीड टाइम वाढवा". यानंच सगळ्यात जास्त वाट लागते. जॉन लिटल नावाच्या अमेरिकन प्राध्यापकानं १९६१ मध्ये गणितानं सिद्ध केलेलं साधं सूत्र आहे, पडून असलेला माल भागिले रोजचं आउटपुट म्हणजे सरासरी लागणारा वेळ. व्हेंडर (जॉबवर्क करणारा) रोज १०० नग काढतो, त्याच्याकडं ६०० पडलेत, तर ६ दिवस. तुम्ही प्लॅनिंगच्या सिस्टीममध्ये लीड टाइम १० दिवस टाकला की ऑर्डर ४ दिवस आधी सुटतात, त्याच्या अंगणात १००० नग होतात अन् खरंच १० दिवस लागतात. मग तुम्ही म्हणता, बघा, बरं झालं वाढवला! भट्टी तर तेवढीच आहे ना बे.

वर्षाची मुदत खरी आहे, जीएसटी कायद्याचं कलम १४३. पण वर्षात कच्चा माल परत आला नाही तर पाठवला त्याच दिवशी पुरवठा झाला असं धरतात, म्हणजे टॅक्स अन् वरून व्याज. ते ४ नग कुठं गेले हे म्हणूनच तेव्हाच्या तेव्हा विचारायचं असते, मार्चमध्ये नाही.

अन् ९० दिवस? व्हेंडर सूक्ष्म-लघु उद्योगात नोंदलेला असला तर लेखी करार असूनही ४५ दिवसांच्या वर जाता येत नाही, करार नसला तर १५. कायदा सोडा, भट्टीवाला चार्ज लावताना पहिले कोणाचा माल उचलतो? ज्याचे पैसे आले त्याचा. तुमचा लॉट कोपऱ्यात का पडला हे प्लॅनिंगवाल्याला विचारण्याआधी अकाउंट्समध्ये एक चक्कर मारून या.