नॉरफॉकचा सोळावा ड्यूक शोभेचा नव्हता

एक मजकूर सध्या पुन्हा फिरतो आहे. त्याचा दावा असा: इंग्लंडच्या राज्याभिषेकाचा कारभार पाहणारे नॉरफॉकचे सोळावे ड्यूक बर्नार्ड फिट्झॅलन-हॉवर्ड राणीचे आप्त, म्हणून त्यांना अर्ल मार्शलचं, म्हणजे राज्याभिषेकासारखे मोठे शासकीय सोहळे पार पाडणाऱ्या अधिकाऱ्याचं, पद मिळालं, काम सगळं नोकरांनी केलं, त्यांच्या हाताखालचं कॉलेज ऑफ आर्म्स (मानचिन्हं देणारी संस्था) करदात्यांच्या पैशावर पोसलं गेलं, आणि ते पद आता बरखास्त झालं आहे. हे चारही मुद्दे चुकीचे आहेत.

आधी नात्याचं. दुसऱ्या चार्ल्सने १६७२ मध्ये हे पद हॉवर्ड घराण्याला वंशपरंपरेने दिलं. बर्नार्ड यांना ते १९१७ साली, वयाच्या आठव्या वर्षी, वडील वारले म्हणून मिळालं. सज्ञान होईपर्यंत त्यांचे काका काम बघत होते. जन्मावर मिळणाऱ्या पदाला कुणी आक्षेप घेतला, तर तो मला मान्य आहे. पण वशिल्याचा आरोप या घराण्याला चिकटत नाही. हे कॅथलिक घराणं. चौथ्या ड्यूकचं डोकं १५७२ मध्ये पहिल्या एलिझाबेथच्या हुकमाने उडवलं गेलं. पुढे हक्क असूनही केवळ धर्मामुळे त्यांना हे काम प्रॉटेस्टंट उपमार्शलकडून करून घ्यावं लागे. ती अट १८२४ मध्ये सुटली. अँग्लिकन चर्चचा सर्वांत मोठा विधी एका कॅथलिकाने पार पाडायचा, ही गोष्ट मला आजही विलक्षण वाटते.

आता ‘काम नोकरांनी केलं’ हा मुद्दा. मला सर्वांत जास्त खटकतो तो हाच. १२ मे १९३७ ही तारीख ठरली होती आठव्या एडवर्डसाठी. १९३६ च्या डिसेंबरमध्येच त्याने गादी सोडली, तारीख मात्र तीच ठेवून सहाव्या जॉर्जचा अभिषेक झाला. तेव्हा ड्यूक अठ्ठावीस वर्षांचे होते. १९५३ मधल्या दुसऱ्या एलिझाबेथ यांच्या राज्याभिषेकासाठी प्रिन्स फिलिप यांच्या अध्यक्षतेखाली मोठी समिती होती, पण प्रत्यक्ष अंमलबजावणीच्या समितीचे प्रमुख ड्यूकच. वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत तालमींवर तालमी झाल्या आणि त्यांत राणीच्या जागी उभ्या राहत त्यांच्या पत्नी लॅव्हिनिया. १९६५ मध्ये चर्चिल २४ जानेवारीला गेले आणि ३० तारखेला सेंट पॉल्समध्ये शासकीय अंत्यविधी झाला. सहा दिवसांत एवढं शक्य झालं, कारण आराखडा अनेक वर्षं आधीपासून तयार होत आला होता. त्यानंतर १९६९ मध्ये, वेल्समध्ये स्फोटांची धास्ती असताना, कार्नार्व्हनच्या किल्ल्यात चार्ल्स यांचा प्रिन्स ऑफ वेल्स म्हणून विधी झाला. एका माणसाच्या कारकिर्दीत इतकं सगळं येतं. त्यातच ते युद्धकाळात शेती खात्याचे संसदीय सचिव होते, शिवाय १९६२-६३ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात इंग्लंडच्या क्रिकेट संघाचे व्यवस्थापकही.

पैशाचा मुद्दा सोपा आहे. कॉलेज ऑफ आर्म्सचा खर्च मुख्यतः शुल्कातून निघतो. मानचिन्ह हवं असणारा अर्ल मार्शलकडे अर्ज करतो, त्यांची संमती मिळाल्यावर किंग्ज ऑफ आर्म्स, म्हणजे कॉलेजचे वरिष्ठ अधिकारी, सनद देतात, आणि फी अर्जदार भरतो. तिथल्या तेरा अधिकाऱ्यांना राजाकडून मिळणारा पगार जुन्या काळी ठरलेला आणि नाममात्र आहे.

राहता राहिली बरखास्ती. बर्नार्ड यांना चारही मुलीच, म्हणून १९७५ मध्ये पद दूरच्या चुलतघराण्यातल्या माइल्स यांच्याकडे गेलं. माइल्स यांचे पुत्र एडवर्ड हे अठरावे ड्यूक. २०२२ मधला राणीचा अंत्यविधी आणि २०२३ मधला चार्ल्स यांचा राज्याभिषेक, दोन्हींची व्यवस्था त्यांनीच पाहिली.